पाठ टेकवून

लढतीत समोरच्याच्या पाठीवर स्वार व्हायला केरूला वेळ लागत नसे. तिथून पुढे जे करायचं, ते मात्र त्याच्या अंगाला पटत नव्हतं. डोक्याला पटलं होतं. इझिकेल सरांनी दोन महिने रोज तेच घोकून घेतलं होतं, आणि इतकं सांगूनही न कळावं इतका केरू काही मठ्ठ नव्हता. पण अंग ऐकेल तर शपथ!

रोह्याच्या कारखान्यांमध्ये रंग बनवणारी एक कंपनी होती, तिच्या गेटवर केरू अकरा वर्षं ठेकेदाराचा वॉचमन म्हणून उभा होता. अकरा वर्षांत ठेकेदार तीनदा बदलले, गणवेश खाकीचा निळा आणि निळ्याचा पुन्हा खाकी झाला, केरू मात्र तोच आणि तिथंच. गावात लोक विचारत, "कायम झालास का रे?" आणि तो म्हणे, "होईन आता." हे 'होईन आता' म्हणून म्हणून त्याच्याच तोंडाला त्याचा वीट आला होता.

मागल्या पावसाळ्यात गेटवर एका वॉचमनने एका कामगाराला लाठी हाणली. डोक्याला सात टाके पडले आणि युनियनने तीन दिवस कंपनी बंद पाडली. सिक्युरिटीचे साहेब लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात लाठ्या खोलीत कोंडून कुलूप लावलं आणि सांगितलं, यापुढे माणूस आवरायचा तो नुसत्या हातांनी, अंगावर वळ न उठवता. आता वळ न उठवता माणूस कसा आवरतात, हे आमच्या रायगड जिल्ह्यात कोणाला ठाऊक असणार? पण साहेबांच्या नशिबाने एक जण रोह्यातच होता.

इझिकेल सर मूळचे रोह्याचेच. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. तरुणपणी सगळ्या घरादाराबरोबर इस्रायलला गेले, तिथल्या बंदरावर बावीस वर्षं राबले, जुजुत्सू नावाची जपानी झोंबी शिकले, मग पोरांना शिकवलंही. बायको ज्युडिथ वारली तेव्हा लेकीला तिथेच ठेवून परत आले. इथे त्यांच्या ज्यू समाजाची चार घरं उरलेली. सणाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तर ते जमवायला अलिबाग-पेणला निरोप धाडावे लागत. मग परत कशाला आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तिकडं सगळं मिळतं. पण 'काय रे, जेवलास का?' विचारणारा कोण मिळत नाय." साठी उलटली होती, पण मनगट अजून खलबत्त्याच्या दांड्यासारखं. शनिवार त्यांच्या धर्मात सुट्टीचा, त्या दिवशी ते शिकवायला येत नसत. बाकीचे सगळे दिवस शिफ्ट सुटली की कँटीनच्या हॉलमध्ये काथ्याच्या गाद्या टाकून, वर ताडपत्री ताणून वॉचमन लोकांना घुसळून काढत.

वीस वॉचमनांतून एकाला कंपनी कायम करणार होती. हजेरी झाली, धावणं झालं, लेखी परीक्षासुद्धा झाली, आणि शेवटी दोघे बरोबरीत उरले. एक केरू, दुसरा आदेश. आदेश सव्वीस वर्षांचा, रोह्याचाच, व्यायामशाळेत दंड कमावलेला, स्वभावाने सरळ. साहेबांनी फर्मान काढलं: सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की हॉलमध्ये दोघांची लढत. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत. ज्याला सहन होणार नाही त्याने हाताने तीनदा थापटायचं, थापटलं की हरला. जिंकेल तो कायम.

आदेशला पुढच्या वर्षीही संधी होती, त्याच्या पुढच्या वर्षीही. केरूला नव्हती. वयाची अट छत्तिशीच्या आत, आणि मार्चमध्ये केरूला छत्तीस पुरी होत होती. ठेकाही मार्चअखेर संपत होता. नवा ठेकेदार पेणची पोरं घेऊन येणार अशी कुजबुज होती. म्हणजे सव्वीस जानेवारी हुकली की सगळंच हुकलं.

आणि माणूस दमला होता हो. नुसता दमला होता. गागोदे बुद्रुकहून पेण, पेणहून रोहा, आठ तास उभं राहणं, मग दीड तास गादीवर आपटून घेणं, मग रोहा ते पेण, पेण ते गागोदे. रोजच्या चार गाड्या. एस.टी.त टेकला की डोळा लागे आणि वडखळच्या खड्ड्यात गाडी आदळली की जाग येई. गुडघे जिन्यावर बोलत. त्याची बायको सगुणा एकदा म्हणाली, "तुमी आता घरात फक्त गाडीच्या टायमाचंच बोलता." केरूला त्यावर काही तरी गोड बोलायचं होतं, पण ते सुचेपर्यंत त्याला झोप लागली.

आता त्या अंगाचं सांगायला हवं. केरूचं अंग घडवलं होतं त्याच्या बापाने, हैबतरावाने. आसपासच्या पाच-पंचवीस गावांत त्याला हैबत वस्ताद म्हणत. ज्याच्या पाठीला कधी माती लागली नाही असा पेण तालुक्यातला एकच गडी, असं तो स्वतः सांगे, आणि त्याला खोटं पाडायला त्याच्या बरोबरीचं आता कोणी हयात नव्हतं. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. पालथं पडा, तोंडात माती जाऊ द्या, नाक फुटू द्या, चालतं. पण दोन्ही खांदे जमिनीला लागले की चीत. म्हाताऱ्याने हे पोराच्या इतकं हाडीमासी खिळवलं होतं की लहानपणी केरू उताणा झोपलेला दिसला तरी तो काठीने ढोसून त्याला पालथा करी. छत्तिशीला आलेला केरू अजूनही पालथाच झोपत होता. सगुणा हसे, पण तिलाही आता सवय झाली होती.

आणि इझिकेल सर नेमकं उलट सांगत होते.

"हे बघ," ते गादीवर केरूच्या शेजारी मांडी घालून सांगत, "समोरचा पालथा पडला, तू पाठीवर बसलास. उत्तम. पायांचे आकडे त्याच्या मांड्यांत आतून घाल. एक हात खांद्यावरून, एक काखेतून. हेही तुला येतं. आता तू वरून त्याचा गळा शोधत बसतोस. तो हनुवटी छातीत रोवतो, हातपाय जमिनीला टेकलेत तवर त्याच्यात ताकद हाय. तू जरा फुडं सरकलास की तो तुला डोक्यावरून टाकतो. व्हय की नाय?"

"व्हय."

"म्हणून त्याला घेऊन मागं पड. तू खाली, तो तुझ्या पोटावर, तोंड आढ्याकडं. मग त्याचे हात कशाला टेकणार? पाय कशाला लावणार? हवेत. तिथं गळा आपोआप गावतो."

"पण सर, माझी पाठ लागेल."

"लागू दे की! इथं कोण मोजतंय?"

केरू मान डोलावायचा, पाठीवर चढायचा, आकडे घालायचा, आणि मागे पडायची वेळ आली की त्याचे खांदे आपसूक वळायचे. कुशीवर जायचा, गुडघ्यावर यायचा, पकड सुटायची. दोन महिन्यांत एकदाही, अगदी एकदासुद्धा, त्याने पाठ टेकवली नाही. बाकीचे वॉचमन हसत. आदेश हसत नसे. तो एकदा म्हणालाही, "केरूदादा, तुमी पडत नाय म्हणून मी वाचतो हां." म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कळलं होतं, सगळ्या हॉलला कळलं होतं, फक्त केरूच्या दोन खांद्यांना कळत नव्हतं.

त्यात भर म्हणजे म्हातारा यायचं म्हणाला. "पोराची कुस्ती हाय, मी नको?" केरूने समजावलं, ही आपल्यातली कुस्ती नव्हे बा, निराळी असते. म्हातारा म्हणाला, "निराळी मंजे? मानसंच खेळतात ना?"

सव्वीस जानेवारीला सकाळी दोघे बापलेक पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होते. हैबतरावाने धुवट धोतर नेसलेलं, डोक्याला फेटा. गाडीत बसल्यावर त्याने एवढंच विचारलं, "अंग हलकं हाय ना?" केरू हो म्हणाला. खरं तर आदल्या आठवड्यात एक जण आजारी पडल्याने त्याने तीन दिवस दोन-दोन शिफ्टा ओढल्या होत्या. अंग हलकं कसलं, अंग कुठे आहे तेच त्याला उमगत नव्हतं. वडखळला गाडी आदळली तेव्हा तो झोपलाच होता.

झेंडा वर गेला, लाडू वाटले गेले आणि सगळी गर्दी कँटीनमध्ये शिरली. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, आसपासच्या गावचे बघे. साहेबांनी म्हाताऱ्याला मानाने पहिल्या रांगेत खुर्ची दिली. इझिकेल सर पंच. त्यांनी मोठ्याने नियम सांगितले, पण लाडू खाणाऱ्या गर्दीने ते किती ऐकले कोण जाणे.

लढत सुरू झाली. आदेश धसमुसळा, सुरुवातीलाच अंगावर आला. केरूने त्याचा जोर त्याच्याच अंगलट आणला आणि घिस्सा डाव मारून त्याला पालथा पाडला. टाळ्या पडल्या. "वा, वस्तादाचा पोर!" असं कोणी तरी ओरडलं. केरू पाठीवर चढला, आकडे घातले, वरून गळा शोधायला लागला. आदेशने हनुवटी रोवली, ढुंगण वर उचललं, आणि केरू त्याच्या डोक्यावरून पुढे घरंगळला. पडता पडता तो मांजरासारखा पालथा झाला. पाठ वाचली. पण तेवढ्यात आदेश त्याच्या पाठीवर आला.

पुढची पाच मिनिटं फार वाईट गेली. आदेशचा हात गळ्याखाली दोनदा शिरला, दोनदा केरूने तो ओरबाडून काढला. कानात दडे बसले. एकदा तर त्याचा हात थापटायला उचललाही गेला होता. सगुणा आठवली, मार्च आठवला, आणि तो हात त्याने गादीवर मुठीने दाबून धरला. कसाबसा सुटला, आदेशला पुन्हा खाली घेतलं, पुन्हा पाठीवर चढला. पुन्हा तेच. आदेश पुन्हा गुडघे गोळा करायला लागला, आता पुन्हा उचलणार, पुन्हा टाकणार. या खेपेला पडलो की उठणार नाही हे केरूला स्वच्छ कळलं.

कोणाला वाटेल, तेव्हा त्याला सरांचं बोलणं पटलं. छे! पटायचं ते कधीच पटलं होतं. केरूचा एक हात आदेशच्या खांद्यावरून, एक काखेतून, गाल त्याच्या घामेजल्या पाठीला, आणि त्या क्षणी त्याच्या अंगाला एकच गोष्ट हवी होती. आडवं व्हायचं. अकरा वर्षं उभं राहिलेलं अंग, रोज चार गाड्या बदलणारं अंग. खांदे वळायचे विसरले. वळायला जो जोर लागतो तो त्यांच्यात उरलाच नव्हता. केरू आदेशला उराशी घेऊन मागे कलंडला आणि दोन्ही खांदे गादीला टेकवून उताणा पडला.

"चीत!" गर्दीतून एकच ओरड उठली. "गेला, गेला! चीत झाला!" बायका हळहळल्या. आसपासच्या गावचे बघे तर उठून टाळ्या पिटायला लागले. झालीच कुस्ती त्यांच्या हिशेबाने.

केरूला आढ्याचे पत्रे दिसत होते आणि पत्र्याला लटकलेला पंखा. किती बरं वाटत होतं खाली! पोटावर आदेशचं सगळं वजन, पण त्या वजनाला आता कसलाच आधार नव्हता. त्याच्या टाचा गादीवर घसरत होत्या, हात हवेत चाचपडत होते. हनुवटी वर आली. केरूने घाई केली नाही. घाई करायचं त्राणच नव्हतं. मनगट हनुवटीखालून सरकवलं, कोपराचा खळगा बरोबर गळ्याच्या मधोमध आला, हात स्वतःच्या दुसऱ्या दंडावर ठेवला, दुसरा हात आदेशच्या डोक्यामागे नेला. सर नेहमी सांगत, हाताने आवळू नको, नळी दाबू नको, दोन बाजूंच्या शिरा धर आणि छाती फुगव, एवढंच. केरूने एक लांब श्वास घेतला. दिवसातला पहिलाच पुरता श्वास असेल तो. छाती फुगली, कोपर मिटलं.

आदेशने त्याच्या दंडावर तीनदा थापटलं.

केरूने तत्क्षणी सोडलं. इझिकेल सरांनी त्याचा हात धरून वर केला. तो अजून उताणाच होता, त्यामुळे हात वर केलेला माणूस जमिनीवर पडलेला, असं ते दृश्य. गर्दी गोंधळली. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा बाकीच्यांनीही वाजवल्या. आदेश गळा चोळत उठला, त्याने केरूला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "शेवटी पडलात, दादा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं मनापासूनचं होतं.

केरूने पहिल्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

म्हातारा बाहेर सायकल स्टँडच्या कठड्यावर बसला होता. फेटा काढून मांडीवर ठेवलेला. केरू घामाने निथळत समोर जाऊन उभा राहिला तरी त्याने वर पाहिलं नाही. केरूने तोंड उघडलं, पण धाप लागलेली, आणि त्याच्या आधी बापच बोलला.

"बस."

केरू बसला. मग जन्मात झालं नव्हतं ते झालं. हैबतरावाने हात उचलला आणि पोराच्या पाठीवरून फिरवला. खरखरीत, जड हात. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"मला बघवलं नाय. तू पडलास आन् मी भायेर आलो," म्हातारा म्हणाला. "नोकरी गेली तर गेली. घरात भात हाय, वाल हायत. दोन मानसांचं काम मी एकटा करतोय, तू आलास तर मला पन बरं."

"बा..."

"थांब. बोलू दे. पुन्यांदा बोलनार नाय." म्हाताऱ्याने घसा साफ केला. "मी पन पडलो व्हतो. नागोठण्याच्या जत्रेत. गोवा मोकळा झाला त्याच्या फुडल्या चैतात, तू नुकता पाय टाकाय लागला व्हतास. म्हसळ्याकडचा गडी व्हता, माझ्यापरीस बारका. दोन मिंटात उचलला आन् आपटला. चांगली सबंद पाठ लागली. आपल्या गावचं कोन आलं नव्हतं, माझं नशीब."

केरू घाम पुसायचा थांबला.

"घरी काय सांगू? तुझी आय दारात उभी असनार. पेणला उतरलो, तांबटाच्या दुकानात गेलो आन् पितळेचा हंडा इकत घेतला. बक्षीस मिळालं म्हनून सांगितलं. मरेपर्यंत चिंचेनं घासत व्हती ती त्याला. आल्यागेल्याला दाखवायची. त्या दिवसापास्नं मी हे पाठीचं लावून धरलं. तुला काठीनं ढोसायचो ते पन."

केरूला हसावं की रडावं कळेना. छत्तीस वर्षं पालथा झोपलो मी, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडला नाही. सापडला तो पाठीवरचा हात, अजून तिथेच असलेला. आता जिंकलो म्हणून सांगावं तर म्हाताऱ्याने पस्तीस वर्षं पोटात दाबून ठेवलेलं उगाचच ओकल्यासारखं होणार. न सांगावं तर किती दिवस? निदान धाप बसेपर्यंत गप्प राहू, असं म्हणून तो तसाच बसून राहिला.

पण इझिकेल सर हातात कागद घेऊन दारात आले. "केरू! चल, साहेब सहीला थांबलेत. आज सुट्टी, हापिस बाराला बंद होईल."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "सही? कसली?"

आता इलाज नव्हता. "बा, मी जिंकलो," केरू खाली बघत म्हणाला.

"मी बघितलं ना. तू खाली व्हतास."

"खाली व्हतो. जिंकलो पन. आदेशनं थापटलं."

"पाठ टेकवून जिंकलास?"

"व्हय."

हैबतरावाने इझिकेल सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. "वस्ताद, पाठ टेकवल्याशिवाय जिंकलाच नसता तो. दोन महिने मी हेच सांगत व्हतो."

हॉलमधून पोरं लाडवाचे कागद उडवत बाहेर पडत होती. कोणी केरूला "अभिनंदन" म्हणून गेलं, कोणी नुसतं वळून बघून गेलं.

"मंजे कायम?" शेवटी म्हाताऱ्याने विचारलं.

"कायम."

त्याने मांडीवरचा फेटा उचलला, झटकला आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतला. सर आत वळेपर्यंत तो एक एक वेढा घट्ट करत राहिला. मग केरू उठायला लागला तसं त्याने त्याचं मनगट धरलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "हंड्याचं सगुणेला सांगू नको."

"नाय सांगत, बा," केरू म्हणाला, आणि सही करायला आत गेला.